शून्य नंबरचा ब्रश

दिवसा मी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं लिहितो.
हिवरखेडच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या शेजारी.
एमएच तीस, पुढचे आकडे,
खाली मालकाच्या पोरांची नावं, वयानुसार.
डब्याच्या तळाशी जो रंग उरतो
तो रात्री फौजेला.

फौज म्हणजे एकशे बारा माणसं,
काडीपेटीतल्या काडीहून बुटकी.
नागपूरहून पार्सलनं आली तेव्हा
कुठल्याशा थंड मुलखातली पलटण होती,
उंच टोप्या, गळ्यापर्यंत बटणं.
ब्लेडनं टोप्या तासल्या.
एम-सील मळलं, मोहरीएवढ्या गोळ्या केल्या,
टाचणीच्या टोकानं पगड्या वळल्या.
एम-सील कोणासाठी थांबत नाही.
एका मळणीत अकरा डोकी होतात,
बाराव्याची पगडी बोटावरच दगड होते.

वाकलेल्या बंदुका गरम पाण्यात धरून सरळ केल्या.
पायाखाली इथलीच काळी माती,
चहाच्या गाळणीतून चाळलेली, फेविकॉलवर भुरभुरवलेली,
वर चिमटीभर तुरीचं कुटार.
हे रान आडगावचं.
अठराशे तीन साली तिथे लढाई झाली.
सायकल काढून बघायला गेलो होतो.
हरभरा होता.

रंगाच्या बाटलीवर लिहिलं होतं, कातडीचा रंग.
उघडली तर गुलाबी, तान्ह्या पोराच्या टाचेसारखा.
मग गेरू, थेंबभर काळा, ट्रॉलीचा पिवळा,
आणि मनगट बल्बखाली धरून
जुळेपर्यंत ढवळत राहिलो.

पहिल्या वीस जणांना डोळे काढले होते.
सगळे दचकलेले दिसायला लागले,
जणू मागे कोणी भांडं पाडलं.
पुसून टाकले. भुवईखाली
पातळ तपकिरी ओघळ सोडला फक्त.
या मापाला सावली पुरते.

मीटर बघायला सुखदेव तायडे आला, लाइनमन.
प्लायवूडपाशीच थांबला.
"हे काय मांडून राह्यले बाप्पा?"
सांगितलं. शिंप्याचा टेप दाखवला:
सहा इंच चाल, दहा इंच मारा.
लुडोचा फासा दाखवला.
आजवर दोन्ही बाजूंनी मीच खेळायचो,
म्हणजे दर वेळी मीच हरायचो.

तो नागपूरकरांकडून बसला, पक्कड कमरेलाच.
तोफ डागली की मी नळीपुढे कापूस ठेवतो,
सरकी काढून, पिंजून.
चौथ्या डावापर्यंत सगळं रान पांढरं,
आणि डाव्या अंगाची पलटण धुरात एकटी.
नियम माझाच आहे:
पाच किंवा सहा पडला तर उभी, नाहीतर पळाली.
माझ्या हातून ती नेहमी पळाली आहे.

तायडेनं फासा खुळखुळवला नाही,
खांबावरून खाली पाना सोडावा तसा सोडला.
फासा कुलरखाली गेला.
दोघंही पालथे पडलो, टॉर्च लावली.
धुळीत, भिंतीला टेकून, एका कडेवर उभा.
अर्धा पाच, अर्धा तीन.

"पुन्हा टाका," मी म्हटलं.
"काहून? पडला ना थो."

तो टेबलापाशी आला तो उकिडवाच,
प्लायवूडला हनुवटी लावून,
एक डोळा मिटून,
रांगेच्या उंचीवरून बघत राहिला.
"याईले डोये हायेत," म्हणाला.
मी म्हटलं, नाहीत. मी काढलेच नाहीत.
"खाली बसून पाय तं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
सौंदळ्याच्या डीपीवर जंपर तुटला होता.
दारात चपला घालताना म्हणाला,
"फासा तसाच राहू द्या."

सहा दिवस झाले.
कुलरखाली मी झाडू घालत नाही.
संध्याकाळी हात रॉकेलनं धुतो,
बल्ब लावतो,
कापूस जरासा उचलून बघतो.
पलटण आहे.